चाकणचं ट्रॅफिक आणि सगळ्यात जवळचा तारा

आमच्याकडे मुलगी बघायला येणाऱ्यांना पावणं म्हणतात, आणि वाट विचारायला थांबलेल्या अनोळखी माणसालाही पावणंच म्हणतात. मागच्या हिवाळ्यात ओतूरला आमच्या घरी आलेले पावणं यातले नेमके कोणते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलगा मूळचा मंचरचा, नोकरीला पुण्यात. सोबत त्याचे आईवडील आणि हे स्थळ आणणारे माझे मामा. मी पोहे देऊन बसले. मला काही विचारलं की उत्तर मामा देत.

"पोरगी लई शांत हाय. इंग्लिश मिडियमची हाय ना."

इंग्लिश मिडियममध्ये प्रवेश देताना जीभ जमा करून घेतात, असा त्यांचा समज असावा. मी शांत असते, कारण इथे बोललेलं जपून ठेवतात आणि पुढच्या लग्नकार्यात पंगतीला वाढतात.

मला एकच गोष्ट विचारायची होती. एसटी स्टँडजवळ गाळा घेऊन मी माती-पाणी तपासायची लॅब नुकतीच सुरू केली होती. शेतकरी पिशवीत माती बांधून आणायला लागले होते. लग्नानंतर ती चालू राहणार का, एवढंच.

"जरा गच्चीवर जाऊन बोला," मामा म्हणाले.

गच्चीवर मुलाने घसा खाकरला. मला वाटलं, स्वयंपाकाचं विचारेल.

"तुम्हाला काय वाटतं, एलियन्स असतील?"

येताना त्याला शेतांमधल्या, आकाशाकडे तोंड केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसल्या होत्या. मी "असतील" म्हणाले आणि तो सुटला. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा प्रकाश इथे पोचायलाच चार वर्षं लागतात, पण अंतर हा प्रश्नच नाही. लेझरने ढकलायची शिडं, गोठवून झोपवलेले प्रवासी, यानातच जन्मून यानातच मरणाऱ्या पिढ्या. त्या पिढ्यांचा स्वयंपाक कोण करणार, ते त्याने सांगितलं नाही. बहुधा एखादी शांत मुलगी.

"मग तिकडून अजून काहीच कसं आलं नाही?" मी विचारलं.

"उत्तर नाही म्हणजे कोणी नाही, असं नसतं. सिग्नल वाटेत असतो. आपण वाट बघायची."

तो श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात मी म्हणाले, "माझी इथे लॅब आहे. मला ती चालवायची आहे. पुण्याहून येऊन-जाऊन करीन."

तो हसला. "ओतूर? रोज? वाटेतलं चाकणचं ट्रॅफिक बघितलंय का?"

"मग आठवड्यातून तीन दिवस."

"शक्यच नाही. प्रॅक्टिकल बोला ना."

माणूस तारे ओलांडणार होता. चाकण तेवढं राहिलं होतं.

आम्ही खाली आलो. मुलगा आणि त्याचे वडील बाजूला जाऊन कुजबुजले आणि मग वडील म्हणाले, "पोरगी पसंत हाय. ते दुकान तेवढं बंद करा, की बोलणी करू."

माझे वडील माझ्याकडे बघायला लागले.

"ती काय बोलणार," मामा म्हणाले, "इंग्लिश..."

"कळवते," मी म्हणाले.

आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाही म्हणायचा तो सभ्य शब्द, आणि तो म्हणायचा मान मुलाकडच्यांचा. मुलीकडच्यांनी फोनकडे बघत बसायचं. मुलाच्या आईचा चेहरा उतरला. मामांचा चहा बशीत सांडला. माझे वडील उठले आणि त्यांनी पावण्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

मुलगा तेवढा खूष. "हो, हो, सावकाश कळवा," म्हणाला.

त्यानंतर मामांना त्याचे फोन येत राहिले. शेवटी मामा लॅबवर आले. मी मातीची पिशवी सोडत होते.

"आगं, तो म्हणतोय, उत्तर आलं न्हाई म्हणजे नकार नसतो, सिग्नल वाटंत असंल. काय सांगू त्याला?"

"सांगा, चाकणला अडकलाय."