फिल्टर राहू द्या

गाडी सर्व्हिसिंगला न्यायची म्हटली की अप्पा आदल्या दिवसापासूनच भांडणाच्या पवित्र्यात असत. त्यांची सगळी नोकरी आवडी नावाच्या गावातल्या सरकारी कारखान्यात, तीही तपासणी खात्यात गेली. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि ती दुरुस्त होईपर्यंत जागचं हलायचं नाही, हे त्यांचं काम होतं आणि स्वभावही तोच. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, आवडीतच छोटं घर बांधलं, पण खोट काढायला कारखाना उरला नाही. मग तो सगळा भार गाडीवर आणि आम्हां मुलांवर आला.

गाडी ऑटोमॅटिक होती. अप्पांचा डावा गुडघा क्लच दाबताना कुरकुरायला लागला तेव्हा घेतलेली. अशा गाडीच्या गिअरबॉक्सला स्वतःचं वेगळं तेल असतं आणि ते गाळायला आत एक फिल्टर असतो. आतले भाग झिजून जी धातूची बारीक पूड तेलात उतरते ती तो धरून ठेवतो. हा फिल्टर नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलायचा की नाही, यावर मेकॅनिक लोकांचंही एकमत नाही. काही म्हणतात तेल बदललं की पुरे, नीट चालणाऱ्या गिअरबॉक्सला उघडायचंच कशाला. अप्पा दुसऱ्या पक्षाचे, आणि कट्टर. जुना फिल्टर ठेवून नवं तेल ओतणं म्हणजे आंघोळ करून पुन्हा मळके कपडे घालणं, असं ते सर्व्हिसवाल्यांना तमिळमध्ये आणि घरी आम्हांला मराठीत ऐकवत. एकदा "बदलला सार" असं नुसतं तोंडाने सांगितलं, तर काढलेला जुना फिल्टर दाखवा म्हणून हे तिथेच खुर्चीत ठाण मांडून बसले. आई घरी जेवायची खोळंबली होती. तिला याची सवय होती.

आमच्या घरची मराठी तंजावरची. ती ऐकून लोकांना हसू येतं हे मला पुण्यात शिकायला गेल्यावर कळलं. मी मुकाट्याने त्यांची मराठी उचलली, म्हणून आज हे असं लिहिते आहे. अप्पा आणि आई मात्र आपलीच बोलत राहिले आणि मला "पुणेंकरीण" म्हणून चिडवत राहिले.

आईची पाठ दुखायला लागली ते आधी आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. पाठ कुणाची दुखत नाही? मग ती रोड व्हायला लागली. दोन-तीन डॉक्टर झाले आणि शेवटी अण्णा नगरातल्या एका हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी मला आणि माझ्या मोठ्या भावाला, अण्णाला, आत बोलावलं. अप्पा आणि आई बाहेर बाकावर बसले होते, आईची पर्स अप्पांच्या मांडीवर. बाईंनी आडवळण घेतलं नाही. आजार हाडांत पसरला आहे, आता बरा होणार नाही, पण त्यांना दुखू न देणं आपल्या हातात आहे, असं म्हणाल्या. दुखण्यावरचं कडक औषध त्या त्याच दिवशी लिहून द्यायला तयार होत्या. भाऊ म्हणाला, "इतक्यात नको."

लिफ्टपाशी मी त्याला धरलं. तो शहरात नुंगंबाक्कमला ऑफिस चालवतो, दिवसभर लोकांना निर्णय देत असतो, तसाच त्याने मलाही दिला. "अप्पा गोळीच्या पाकिटावरचं अक्षर न अक्षर वाचतात. असलं औषध घरांत आलं की त्यांना कळणार. त्यांना कळलं की आईला कळणार. मग अस्कं संपलं." अस्कं म्हणजे सगळं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला असं काही सांगायची पद्धत नाही. आमच्या आजीला सांगितलं नव्हतं, आत्याला सांगितलं नव्हतं. दोघी 'अशक्तपणा'ने गेल्या. मी विचारलं, "आणि दुखलं तर?" तो म्हणाला, "दुखलं तर सांगेल की ती." मी पुष्कळ तणतणले आणि शेवटी गप्प बसले. बाहेर येऊन त्याने दोघांना सांगितलं की वयामुळे हाडांची झीज आहे, गोळ्या आणि विश्रांती, बस्स. सांगताना तो हसत होता.

मी रजा टाकून आवडीला राहायला आले. भाऊ रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी फोन करी आणि विचारी, "आई, बरं आहे ना?" मी चहा-कॉफी देताना विचारी, "बरं वाटतंय ना?" आई म्हणे, "बरं आहे." साध्या डोकेदुखीच्या गोळीहून कडक काही आम्ही घरात येऊ दिलं नाही. आई सहसा कण्हत नसे. ती डोळे मिटून पडून असे, आणि ती पडून आहे म्हणजे तिला झोप लागते, असं मी भावाला कळवत असे. चिडकी बाई म्हणून माझी घरात ख्याती आहे, पण त्या दिवसांत मी चिडले ती भाजीवाल्यावर, पंख्यावर, रस्त्यातल्या म्हशीवर. जिथे चिडायला हवं होतं तिथे नाही.

गाडी आता फक्त तिच्यासाठी निघे. स्वतःच्या कामाला अप्पा चालत जात, शहरात जायचं असलं तर इलेक्ट्रिक ट्रेनने. आईला मात्र ते पुढच्या सीटवर बसवत, सीट मागे कलती करत, पाठीशी उशी देत आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर इतके हळू होत की मागचे मोटारसायकलवाले शिव्या घालत. अप्पा त्यांच्याकडे बघतही नसत.

अशातच सर्व्हिसिंगची वेळ आली. शेजारच्या मामी आईजवळ बसल्या आणि अप्पांबरोबर मी गेले, म्हटलं भांडण झालं तर सोडवायला कुणी असावं. काउंटरवरच्या माणसाने अप्पांना लांबूनच ओळखलं. या गिऱ्हाइकाला शहाण्यासारखं आपणहूनच विचारलेलं बरं, असा विचार त्याने केला असणार. "गिअरबॉक्स ऑईलोड फिल्टरुम् मात्तिडलामा, सार?" तेलाबरोबर फिल्टरही बदलून टाकू ना?

"वेण्डाम," अप्पा म्हणाले. "ऑईल पोदुम."

नको. तेल पुरे. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं अप्पांना नीट ऐकू आलं नसेल. मी म्हटलं, "अप्पा, तो फिल्टरचं विचारतोय."

"ऐकलें. राहूं दे."

"राहू दे कसं? तुम्हीच तर म्हणता..."

"नक्को म्हटलें ना."

मी त्या माणसाला सांगितलं की फिल्टर बदला, मी सांगते आहे. अप्पांनी त्याला हातानेच नको म्हणून खूण केली. मी आवाज चढवला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. एका फिल्टरसाठी भर काउंटरवर बापाशी भांडणारी ही बाई कोण, असं त्यांना वाटलं असेल. मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला. तो फिल्टर त्या दिवशी बदलला जाणं मला जगातल्या दुसऱ्या कशाहूनही गरजेचं वाटत होतं. का, ते मला नक्की ठाऊक होतं. म्हणूनच तर रडत होते.

गाडी आत गेली. आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. समोर टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. बऱ्याच वेळाने मी आमच्या घरच्या मराठीत विचारलं, "कसाला नक्को?"

अप्पा टीव्हीकडेच बघत म्हणाले, "पुढं पुष्कळ चालवायची आहे त्यानं फिल्टर बदलावा. मी गाडी कोणासाठीं काढतों? तुझी आई पुढल्या सर्व्हिसपर्यंत नाहीं."

ट्रेन उशिरा येणार आहे हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. कुणी सांगितलं तुम्हांला, असं काहीतरी मी पुटपुटले.

"कोणी कसाला सांगायला पाहिजे? तपासणी खात्यांत होतों मी. तुम्ही दोघं त्या डॉक्टरीणबाईच्या खोलींतून बाहेर आलां आणि तुझा अण्णा हसत होता. तो हॉस्पिटलांत कधीं हसतो काय?"

"मग बोलला का नाहीत?"

"एवढी मेहनत करून लपवत होतां तुम्ही. म्हटलें, लेकरांना त्यांत धीर वाटतो, तर असूं दे."

"आणि आई?"

"तिला माझ्या आधीं ठाऊक. दुखणं तिचं आहे."

मला वाटलं, आता यापुढे ऐकण्यासारखं काही राहिलं नाही. पण अप्पा बोलतच राहिले, जणू तेल निथळेपर्यंत वेळ काढायचा होता. तुम्ही झोपलां कीं ती माझा हात धरते, म्हणाले. फार झालं कीं चावते. त्यांनी शर्टाची बाही जरा वर केली आणि लगेच खाली ओढली. "काय करणार? या दुखण्याला औषध नाहीं. सोसायचं."

मी म्हटलं, "औषध आहे, अप्पा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आजारावर नाही, दुखण्यावर आहे. डॉक्टर त्याच दिवशी देत होत्या. तुम्ही नाव वाचाल म्हणून आम्ही घेतलं नाही."

माझ्या वडिलांचा राग मी लहानपणापासून खाल्लेला आहे. त्या क्षणी मला तो हवा होता. त्यांनी भर लोकांत माझ्या थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते उठले आणि काउंटरवर जाऊन गाडी मागायला लागले. काउंटरवरचा माणूस समजावत होता की सार, गाडी वर चढवली आहे, तेल काढून टाकलं आहे, आत्ता कशी देणार? अप्पांनी किल्लीचा विचार केला नाही, काम बघितलं नाही, काही नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गाडी पुढ्यात उभी केल्याशिवाय वर्कशॉप सोडलं नव्हतं, तो रस्त्याच्या मधोमध जाऊन रिक्षाला हात करत होता.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी रांगेतून आम्हांला आधी घेतलं. अप्पांनी एवढंच विचारलं, "आजपासून देतां येईल?"

त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवसापासूनच देता आलं असतं."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. येताना रिक्षा खड्ड्यांतून आपटत होती आणि ते औषधाची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. मी भावाला फोन लावला आणि सांगितलं की दोघांनाही सगळं ठाऊक आहे.

घरी मामी दार उघडून आपल्या घरी गेल्या. आई कुशीवर, डोळे मिटून पडली होती. मी खाली बसले. तोंडाशी सवयीने तेच आलं होतं, बरं वाटतंय ना. ते गिळून मी विचारलं, "आई, दुखतं काय?"

तिने डोळे उघडले. आधी अप्पांकडे बघितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"होय," ती म्हणाली. "बहुत दुखतें ग. सोसत नाहीं अत्तां."

"सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही विचारलां कुठें? बरं आहे ना, बरं आहे ना, म्हणून विचारलां. मग बरं आहे म्हटलें."

अप्पांनी औषध मोजून पाजलं, बाईंनी सांगितलं होतं तसं. थोड्या वेळाने तिची मूठ सुटली. कपाळावरची आठी गेली. ती आठी म्हणजे वय, असं मी धरून चालले होते. तिचं तोंड जरासं उघडं पडलं आणि ती घोरायला लागली. दुपारच्या कॉफीला मी तिला हाक मारली, भांडी वाजली, दाराची बेल वाजली, तरी ती हलली नाही. अप्पा तिच्या उशाशी बसून होते. त्या घोरण्यापाशी उभी असताना मला कळलं की मी या घरात राहायला आल्यापासून आई एकदाही झोपली नव्हती. आम्हांला बरं वाटावं म्हणून ती डोळे मिटून पडत होती.