बेंबीभोवतीचे पाच डाग

बहिणीची मुलगी नऊ दिवसांची होती तेव्हा मी तिला रोह्याहून पेणला आणली. बहीण बाळंतपणातच गेली. तिचा नवरा कंपनीत शिफ्टला जाणारा, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मी विधवा, मला मूल नाही. कुणी कागद केले नाहीत, कुणी विचारलंही नाही. पोरगी माझ्याकडे राहिली आणि नऊ वर्षांची झाली.

मी गणपतीच्या कारखान्यात काम करते. मूर्ती वाळली की पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करायची आणि पांढऱ्या रंगाचा पहिला हात द्यायचा, एवढंच माझं काम. डोळ्यांची आखणी करणारे कारागीर वेगळे. शाळा सुटली की पोरगी तिथे येऊन अभ्यास करत बसायची. एक दिवस ती फळीखालून वाकून येत होती आणि दप्तराचा पट्टा फळीला अडकला. रंगवून तयार झालेली मूर्ती खाली आली. सोंड तुटली.

शेठ सगळ्यांसमोर मला बोलले. चारचौघांत कुणी बोललं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी मान खाली घालून तुकडे वेचले. घरी आल्यावर दार लोटलं आणि पोरीला म्हणाले, "जन्मताना आईला खाल्लंस, आता मला खा."

ती रडली नाही. दिवेलागणीला ताट वाढलं तर पोटात दुखतंय म्हणाली.

शेजारची म्हातारी दारातून डोकावली. "अगो, वात धरला असंल. बिब्याचे पाच डाग दे बेंबीभवती. माझ्या सात पोरांना दिलेत, सातीच्या साती हायत."

"लहान हाय गो ती. बिबा उतला, फोड आले तर?"

"उतला तर उतला. आताची पोरं काय लोण्याची हायत?"

मी बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला. तेल सुटलं तसा एकेक ठिपका तिच्या बेंबीभोवती दिला. औषध पोटदुखीचं होतं, पण मघाचं बोलणंही त्याने भरून निघेल असं मला तेव्हा वाटत होतं. ती पोट आत ओढून पडून राहिली.

"लागलं का गो?"

"नाय."

दोन दिवसांत पाचही ठिकाणी फोड आले. तिने मला दाखवले नाहीत. शाळेत तपासणीला डॉक्टर आले तेव्हा त्यांनी पाहिले. त्यांना ते सिगारेटचे चटके वाटले. वर्गाच्या बाईंनी कळवलं. त्यांनी कळवायलाच हवं होतं, मी त्यांना दोष देत नाही.

मग मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या मॅडम घरी आल्या. बोलायला मऊ होत्या. मी म्हणाले, "छळ नाय हो केला, औषध केलं." त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं, "तुमच्या मनात काय होतं ते आम्ही विचारणारच आहोत. पण मुलीला काय सोसावं लागलं, तेही बघायचं असतं." मग एकेक विचारत गेल्या. मारता का. उपाशी ठेवलंत का. शाळा बुडवून कामाला लावता का. घरी येणाऱ्या कुणी नको तिथे हात लावला का. मी नाही म्हणत गेले आणि ते खरं होतं.

म्हातारी मधेच येऊन उभी राहिली. "मॅडम, बिबा मी सांगितला. न्यायचं तर मला न्या. सुना तरी सुटतील माझ्या." मॅडमनाही हसू आलं.

मग त्यांनी विचारलं, "टाकून बोलता का तिला? अपशकुनी, अमक्याला खाल्लंस, असलं काही? कायदा तेही धरतो. मनाला दिलेला त्रासही छळच असतो."

तोवर मला वाटत होतं, कायद्याला अंगावरचंच दिसतं. माझ्या बंद दाराआडच्या वाक्याला कायद्यात जागा आहे हे मला ठाऊक नव्हतं. हो म्हटलं तर पोरीला घेऊन जातील, एवढंच डोक्यात आलं.

"नाय," मी म्हणाले.

पुढे जिल्ह्याच्या समितीपुढे बोलावलं. पोरीला वेगळ्या खोलीत घेऊन विचारलं. ती म्हणाली, मावशी कधीच काही बोलत नाही. बिबा मुद्दाम दिला नव्हता, असं त्यांना पटलं. मला समज दिली. मग पोरीला विचारलं, कुठे राहशील? ती म्हणाली, रोह्याला, बाबांकडे.

तिथेच उभा असलेला तिचा बाप मला म्हणाला, "ताई, कंपनीत विचारतात लोक, पोरगी भाजली म्हणे." समितीने कागद हातात दिला तो घरी येऊन अक्षर लावत लावत वाचला. छळ आढळून आला नाही, असं त्यात लिहिलं आहे.

पोरीच्या बापाने दुसरं लग्न केलंय. घर रोह्याला लागून अष्टमी गावात, नदीच्या पुलापलीकडे. तीन महिन्यांनी मी एसटीने गेले. त्याची बायको वाईट नाही. पोरीनेच मला पाणी दिलं आणि पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं, "चहा घेणार ना?"

पुलापर्यंत पोचवायला ती आली. मी विचारलं, "मॅडमना का नाय सांगितलंस, मी काय बोलले ते?"

"तुला नेली असती ना त्यांनी."

"मग माझ्याकडेच का नाय राहिलीस?"

ती पुलाचा कठडा धरून खाली नदीकडे वाकली. म्हणाली, "शेठ ओरडले माझ्यामुळं. मग मॅडम आल्या त्या पण माझ्यामुळं. मी राहिले असते तर आणखी काय झालं असतं तुला." मग माझ्याकडे वळून, "मावशी, आईला मी खरंच खाल्लं?"

"नाय गो. नाय. तुझी आई बाळंतपणात गेली, बायका जातात तशी. तुझा काय दोष?"

तिने मान हलवली. वर्गात बाईंनी "समजलं का?" विचारल्यावर न समजलेली मुलं हलवतात, तशी.