वजनाच्या सकाळी

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची ती देशपातळीवरची क्रीडास्पर्धा म्हणजे नेमकं काय असतं, हे मला कळलं ते राज्याच्या मुलींच्या कुस्ती संघाची व्यवस्थापक म्हणून गेले तेव्हा. तोवर कसबा बावड्यातल्या शाळेत खेळ शिकवत मी जिल्हा आणि विभाग एवढंच पाहिलं होतं. इथं एकाच भोजनगृहात मणिपूरच्या बॉक्सर मुली, पंजाबचे हॉकीवाले, केरळच्या लांब उडीवाल्या. सगळ्यांच्या पाठीवर आपापल्या राज्याचं नाव. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती, तरी एकमेकांच्या ताटात काय आहे ते सगळे वाकून बघत होते. फक्त कुस्तीच्या मुली ताटाकडं पाठ करून बसायच्या. वजन वाढायला नको.

संघात आमच्या जिल्ह्यातली एकच मुलगी, त्रेपन्न किलो गटातली. मूळची इचलकरंजीजवळच्या कबनूरची. आईवडील दोघंही यंत्रमागावर कामाला. सरावासाठी ती शिवाजी पेठेत मावशीकडं राहायची. वय सतरा पूर्ण. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, त्यामुळं या स्पर्धेत तिला एकदाच उतरता येणार होतं. निवड चाचणीत तिनं तिघींना चीत केलं होतं, आणि पदक येणार असं मीही उगाच घरी बोलून बसले होते.

आदल्या संध्याकाळी तिचं अंग कोमट लागलं. दोन दिवस धड जेवण नाही, पाणीही मोजून, त्यानं असेल, असं मी स्वतःला समजावलं. सकाळी तिची वेणी घालताना मानेखाली एक पुरळ दिसलं. पाण्यानं भरलेलं, मोत्याएवढं. टी-शर्ट जरा खाली ओढला, तर पाठीवर आणखी चार.

"घरी कुणाला कांजिण्या आल्या होत्या का गं?"

ती म्हणाली, "धाकटीला. पंधरा दिवस झालं. मी दोन दिस घरला गेलतो तवा." पुढं तिनं माझा हात धरला. "डास चावलाय म्हणा की मॅडम. मला कायबी झालेलं न्हाय. मी खेळतो."

मी डास म्हणाले नाही. कांजिण्या आहेत असंही म्हणाले नाही. नुसती तिच्याबरोबर रांगेत जाऊन उभी राहिले.

कुस्तीत वजनाआधी डॉक्टर प्रत्येकीचं अंग तपासतात. दोघी अंगाला अंग भिडवून खेळतात, एकीचं दुसरीला लागायला वेळ लागत नाही. डॉक्टरबाईंनी तिची पाठ पाहिली, ताप पाहिला आणि खुर्ची मागं सरकवली. हिंदीतून मला विचारलं, "तुम्हाला दिसलं नव्हतं?" त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. मी विनवलं, स्पर्धेच्या मोठ्या साहेबांना भेटले, तेही भले माणूस होते. म्हणाले, "बाई, माझी मुलगी असती तरी मी हेच केलं असतं." वजनाचा काटा दहा पावलांवर होता. तिला त्यावर उभंही राहता आलं नाही.

तिला एका वेगळ्या खोलीत ठेवलं. मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, म्हणून सोबतीला मी. दुपारी तिच्या आईचा फोन आला. पाठीमागं यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळं ती ओरडूनच बोलत होती. "मॅडम, खेळली का वो? काय झालं?"

मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं, आवाजात ऐकूच गेलं नव्हतं. मग म्हणाली, "मीच म्हटलं हुतं तिला, ये दोन दिस, डोळं भरून बघू दे." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्रेपन्न किलोची अंतिम कुस्ती मुलीनं माझ्या मोबाईलवर बघितली. हरियाणाच्या मुलीनं मारली. "तिचा डावा पाय उघडा पडतोय मॅडम, बघा की," ती एवढंच म्हणाली आणि चादर डोक्यावरून घेतली. मला तिच्या पाठीवरनं हात फिरवायचा होता. पण फोड होते. हात कुठं ठेवावा कळेना.

संघ परत गेला. खपल्या धरेपर्यंत आम्ही दोघी तिथंच. मंडप उतरवला, राज्यांचे झेंडे काढले, भोजनगृहात आमच्या दोघींपुरता भात शिजायला लागला. आता ती पोटभर जेवायची आणि जेवताना रडायची. मी समोर बसून वरण वाढत राहायचे.

इचलकरंजीच्या स्टँडवर तिची आई कामाची पाळी सोडून आली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार मॅडम? दुखणं काय इचारून येतंय?" तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढं आठवड्याभरात संघातल्या, तिच्याच खोलीतल्या मुलीलाही कांजिण्या आल्या.

मुलगी आता कॉलेजात आहे, मोठ्यांच्या गटात खेळते. कधी जिंकते, कधी हरते. त्या स्पर्धेला मी नंतर दोनदा गेले, दुसऱ्या मुली घेऊन. वजनाच्या सकाळी त्यांच्या वेण्या घालायला मात्र मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते.