दाब ठीक आहे का?

“दाब ठीक आहे का?” बाईने विचारलं आणि टेबलावर पालथी झोपलेली माझी सून रडायला लागली. “मला असं कुणी कधी इचारलंच नाय,” ती म्हणाली. मालिशवाल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

पोलादपूरच्या रिसॉर्टात स्पा कसा चालवायचा, ते शिकवायला ती बाई पुण्याहून आली होती. सून तिथली मॅनेजर होणार होती आणि मी तिच्या हाताखाली मालिश करणार होते. बाईचं नाव मी विचारलं नाही. अंगाला हात लावण्याआधी ती तळवे एकमेकांवर घासून ऊन करायची. टॉवेल तर इतका हळू घालायची, जसं काही खाली बाळ निजलंय. तिची चूक काढायला मी दिवसभर मागे मागे फिरले. एकही सापडली नाही, म्हणून जास्तच राग आला. सून तिच्याकडे जसं बघत होती, तसं तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

“आजी, मालिश करणारीचं पहिलं काम म्हणजे विचारणं,” बाई मला म्हणाली.

“आमच्यात इचारत नाय, रगडतात,” मी म्हणाले. “बाळंतीण वरडली की समजायचं, कंबर जाग्यावर आली.”

बायका हसल्या. सून हसली नाही.

संध्याकाळी महाडच्या एसटीत सून खिडकीकडे तोंड करून ‘दाब ठीक आहे का?’ असं पुटपुटत होती, बाईच्याच आवाजात. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मीच तिला रगडलं होतं.