पाहुण्यांसमोरचा आरसा

चहा आधी संपवून घ्या, मग सांगते. मागच्या वेळी हे ऐकताना शेजारणीच्या नाकातून चहा आला आणि डाग पडला तो माझ्याच चादरीवर.

तर मी सातवी शिकलेली. गोंदियात बायकांसाठी घर सजवायचा फुकट क्लास निघाला, सातवीवालीही चालेल म्हणाले, म्हणून मी नाव दिलं. त्याला इंटिरिअर डिझाइन म्हणतात, हे तिथं गेल्यावर कळलं. आमच्या मुर्री गावाहून ऑटोत बसायचं, दीड वर्षाची परी मांडीवर, पिशवीत तिचं दूध, आणि वर्गात गेलं की शेवटच्या रांगेत. कारण बाकीच्या सगळ्या बारावी नाहीतर कॉलेज झालेल्या.

त्यात मी मूळची घाबरट. परी झाल्यापासून तर विचारूच नका. मॅडमनी टेबलाचं चित्र दाखवलं की बाकीच्या विचारायच्या, लाकूड कोणतं? मी विचारायची, "मॅडम, याचा कोपरा लेकराच्या डोक्याले लागन का?"

मॅडम म्हणायच्या, "देखो ताई, पहले बॅलन्स समझो."

बॅलन्स म्हणजे खोलीच्या एका बाजूला जड सामान असेल तर दुसऱ्या बाजूलाही तसंच काहीतरी हवं. मग फोकल पॉइंट. म्हणजे पाहुणा आत आला की त्याची नजर आपोआप जिथं जाते ती जागा. आणि तिसरी गोष्ट माझ्या डोक्यात अशी बसली की अजून निघालेली नाही: लहान खोलीत मोठा आरसा लावला की खोली मोठी दिसते.

आता आमच्या घरात नेमकी हीच पंचाईत होती. माझी नणंद ज्योती, तिला पाहायला दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले होते. पोहे खाल्ले, पाणी प्याले, गेले. कोणाचाच निरोप नाही. सासूबाईंचं म्हणणं, पोरीत खोट नाही, ही खोलीच खुराड्यासारखी, पाहूनच माणूस पळतो. आता तिसरं स्थळ अर्जुनी मोरगावचं येणार होतं. मुलगा राईस मिलमध्ये कामाला. फोटो पाहून ज्योती मला हळूच म्हणाली, "वहिनी, हा ठीक वाटते."

ज्योती लग्नातल्या जेवणालाही ठीक म्हणत नाही. म्हणजे समजा, हे स्थळ हातचं जायला नको होतं.

मी म्हटलं, शिकलेलं आता कामी नाही आलं तर कधी येणार?

आधी बॅलन्स. एका भिंतीला कपाट होतं, म्हणून समोरच्या भिंतीला धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, रचली आणि त्यावर नवी चादर घातली. बसायलाही जागा झाली.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "काऊन वो, कट्टे बैठकीत कायले आणून राहिली?"

"बॅलन्स आहे आई."

"उंदरं खातीन तुया बॅलन्स."

मग आरसा. माझ्या लग्नात आलेल्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून घेतला, दिवाणासमोरच्या भिंतीवर लावायला. दिवाणावर पाहुणे बसणार, म्हणजे आरसा बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर. पण तो परीच्या अंगावर पडला तर? मी दोन खिळ्यांच्या जागी भिंतभर खिळे ठोकले. तार बांधली, तारेवर सुतळी बांधली. तरी जीव थाऱ्यावर राहीना, म्हणून तो परीचा हात पोचणार नाही इतका उंच नेला. उंच नेल्यावर त्यात नुसतं छत दिसायला लागलं, म्हणून पुढे झुकवला.

आमचे हे बघत होते. म्हणाले, "आरसा लावून राहिली का बैल बांधून राहिली?"

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. आरशात मी दिसले. खोली मोठी दिसली. झालं समाधान.

स्वयंपाकघराचं दार दिवाणाच्याच भिंतीत आहे, अगदी दिवाणाला लागून. त्यावरचा पडदा मी काढून टाकला, कारण तो विटका होता आणि परी त्याला लटकायची. सासूबाई म्हणाल्या, आतलं दिसन. मी समजावलं, "आई, पाहुण्यांची पाठ त्याच भिंतीले राहीन. त्यायले आतलं दिसन कसं?"

हे वाक्य मी बोलले होते, एवढं ध्यानात ठेवा.

रविवारी पाहुणे गाडीनं आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. मामांची मिशी अशी की आधी मिशी आत आली, मग मामा. मुलाची आई चांगली अंगानं भरलेली, पदरानं वारा घेत, एकेक पाऊल तोलत आली. तिघं दिवाणावर बसले. आमचे हे आणि सासूबाई त्यांच्यासमोर, आरशाखाली.

आणि काय सांगू, बसल्याबसल्या तिघांची नजर थेट आरशावर. मी दाराआडून पाहिलं आणि मला भरून आलं. फोकल पॉइंट! मॅडम इथं असायला हव्या होत्या.

आत ज्योतीनं चहाचा ट्रे दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

"वहिनी, मले नाही जमत. हेही गेले तर?"

आता तिला हसवल्याशिवाय ती बाहेर जाणार नव्हती. मी पदर हातात घेतला, गाल फुगवले आणि मुलाच्या आईसारखी वारा घेत, पाऊल तोलत चुलीपासून माठापर्यंत चालून दाखवलं. ज्योतीनं तोंड दाबलं. मग मी दोन हिरव्या मिरच्या घेतल्या, नाकाखाली धरल्या आणि मामा झाले. मामांनी मिशीला पीळ दिला. मामांनी ढेकर दिला. खाली बसलेली परी टाळ्या वाजवायला लागली.

बाहेर एकदम हसू फुटलं.

मला वाटलं, यांनी काहीतरी गंमत सांगितली. लग्नाला चार वर्षं झाली, या माणसानं मला एकदा हसवलेलं नाही, आणि आज पाहुण्यांना हसवतो आहे. थोडा रागही आला.

त्या नादात ताटलीतली एक चकली खाली पडली. मी उचलली, फुंकली, पदराला पुसली आणि परत ताटलीत ठेवली. घरोघरी असंच करतात. तुम्ही नका सांगू मला.

ज्योती चहा घेऊन गेली. या वेळी ट्रे खाली ठेवला नाही. मागून मी ताटली घेऊन गेले.

"घ्या ना जी, चकली घ्या."

"नाही जी, राहू द्या," मामा म्हणाले.

"एक तरी. घरची आहे."

"माहीत आहे," मुलाची आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

मुलगा मान खाली घालून बसला होता, खांदे हलत होते. मी म्हटलं, किती लाजरा पोरगा.

मग मुलाच्या आईनं विचारलं, "घर कोणी सजवलं?"

"हिनंच," आमचे हे म्हणाले. "क्लास करून राहिली गोंदियाले."

"आरसा मस्त जागी लावला पोरी. ये, इथं बस माह्याजवळ. तूही पाह्य."

मी लाजत तिच्याशेजारी दिवाणावर बसले. वर पाहिलं.

आरशात मी नव्हते. आरशात आमचं स्वयंपाकघर होतं. पूर्ण. चूल, माठ, मधली चालायची जागा, भांड्यांचा ढीग, सगळं स्वच्छ, जवळून, सिनेमाच्या पडद्यासारखं. आणि मधोमध जमिनीवर माझी परी. दोन्ही हातांत दोन मिरच्या, नाकाखाली धरलेल्या, आणि ती आरशातून मामांकडेच बघून मिशीला पीळ देत होती.

माझ्या डोक्यात काय आलं असेल? इज्जत गेली, हे नाही. एकच आलं: मिरचीचे हात डोळ्याला लावेल. मी ताटली दिवाणावर टाकली आणि आत पळाले. चकल्या मामांच्या मांडीत.

परीला काही झालं नव्हतं. मी तिचे हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले, आणि मग चुलीपाशीच बसून राहिले. बाहेर जायची सोय राहिली नव्हती. इथं बसले तरी सगळ्यांना दिसतेच आहे, हे थोड्या वेळानं लक्षात आलं. तेव्हा सरकत सरकत माठाच्या मागे गेले.

पाहुणे गेल्यावर सासूबाई उठता-बसता मला बॅलन्सवरून टोमणे मारायच्या.  ज्योती नुसती आरशाकडे बघत बसायची, त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं. मी परीला घेऊन अंगणात जायची. फोन वाजला की दाराशी येऊन कान द्यायची.

चार-पाच दिवसांनी फोन आला. सासूबाईंनी स्पीकर लावला. पलीकडून मुलाची आई म्हणाली, "पोरगी पसंत हाय जी. सगळीकडं पडद्याच्या मागं काय चालते ते समजत नाही. तुमच्या घरी आतबाहेर एकच दिसलं. आमच्या पोरानं तर तिले हसतानाच पसंत केलं."

ज्योती आत पळाली. आरशात ती डोळे पुसताना दिसली.

"आन रुखवत तुमच्या सुनेलेच सजवू द्या," फोनवर मुलाची आई पुढं म्हणाली.

मी जीव ओतून रुखवत सजवलं. दोन्ही बाजूंना चकल्यांची सारखी ताटं, मध्ये उंच मोतीचुराचा मनोरा, कुठंही कोपरा टोचणार नाही असं. लग्नमंडपात बायका वाहवा करत होत्या. मॅडमनाही बोलावलं होतं, त्या फोटो काढत होत्या.

तेवढ्यात मामा आले. रुखवतासमोर उभे राहिले, माझ्याकडे एकदा पाहिलं. एक चकली उचलली, सगळ्या मांडवादेखत तिच्यावर फुंकर मारली, उपरण्याला नीट पुसली, आणि परत ताटात ठेवून दिली.

मॅडम मला म्हणाल्या, "ये आपके यहाँ का रिवाज है क्या?"