उलट्या जर्सी

किसनचा हात मोडला तेव्हा शिट्टी माझ्या तोंडातच होती. ती वाजवायचं मला सुचलं नाही. वरच्या पाड्याचा किसन चढाईला गेला होता. खालच्या पाड्याचे सातही जण त्याच्यावर पडले, मग प्रेक्षक मैदानात उतरले आणि पाच मिनिटांत कबड्डीची मारामारी झाली.

मी खोडाळ्याच्या बाजूला एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. या दोन पाड्यांचं उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावरून बिनसलं होतं. तेव्हापासून आठवडी बाजारात तरण्यांची हाणामारी ठरलेली. फौजदारसाहेब म्हणाले, "मास्तर, यांना खेळात गुंतवा." मी उत्साहाने दोन संघ केले. जर्सीवर छापलं 'वरचा पाडा' आणि 'खालचा पाडा'. त्यांचं भांडण मीच ठळक अक्षरांत त्यांच्या पाठीवर छापून दिलं.

सामन्यानंतर साहेबांचा फोन आला. "मास्तर, तुम्ही आमचं काम कमी करणार होतात ना?"

शाळेच्या अहवालात मी लिहिलं, 'खेळाडू पाय घसरून पडला.' ते खोटं होतं. खालच्या पाड्याच्या राघूने किसनचा हात पिरगळलेला मी पाहिला होता.

दिवाळीनंतर पाड्यांवरची जोडपी वीटभट्टीवर जातात. प्लास्टरमुळे किसन घरीच राहिला, बायको भावाबरोबर गेली. मी त्याच्या घरावरून जायचं टाळत होतो. शेवटी एकदा गेलो. तो अंगणात एका हाताने नागलीची कणसं चोळत होता.

"किसन, अहवालात मी खोटं लिहिलं. आणि त्या जर्सीही माझ्याच डोक्यातल्या."

"हात माझा मोडला, न् तोंड तुमचं उतरलंय सर!" तो हसला. मग म्हणाला, "आवणीला आमी एकमेकांच्या शेतात भात लावतोच. तिथं कुनाच्या पाठीवर पाडा लिवलेला नसतो."

दुसऱ्या दिवशी मी खरा अहवाल दिला. मुख्याध्यापकांनी मला लेखी समज दिली. बरं वाटलं.

होळीला सगळे घरी परतले. या वेळी चिठ्ठ्या टाकून मी संघ मिसळले. नव्या जर्सी नव्हत्या. म्हटलं, "उलट्या घाला."

"सर, बायको इचारील, पिऊन आलास का?" एकजण ओरडला.

चढाई करणाऱ्याला अडवायला बचावातले दोघे एकमेकांचा हात धरतात. त्याला साखळी म्हणतात. चिठ्ठीने किसनशेजारी नेमका राघू आला. किसनने मोडून जुळलेला हात पुढे केला. राघू जागचा हलेना. मी शिट्टी घट्ट धरून ठेवली.

"धर ना रं."

"दुसरा दे," राघू खाली बघत म्हणाला.

"दुसऱ्या बाजूला तू नायस. यो धर. या खेपेला जरा सांभाळून."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. राघूने हात धरला, अंडं धरावं तसा. त्या साखळीतून चढाईवाले तीनदा निसटले आणि किसन-राघूचा संघ हरला. भांडण झालं नाही.

पुढच्या बाजारानंतर साहेबांचा फोन आला. "आमचा माणूस भजी खाऊन परत आला. दुसरं काही कामच नव्हतं."

टँकर आला की अजून आरडाओरडा होतो, पण तेवढाच. जर्सी त्याच आहेत, अजून उलट्याच घालतात. नव्या क्रीडाशिक्षकांना एवढंच सांगतो: शिट्टी वेळेवर वाजवा आणि जर्सी कोऱ्या घ्या.