मी लाल कार्ड दाखवलं त्या दिवशी

बूट आधी पोटरीला लागला. मग आवाज आला.

"ले जा. तेरे बाप को दे. सी को देता."

बाप शिवून देईल म्हणे. त्यापुढचा शब्द आमच्या जातीचा होता. शिवी म्हणून वापरलेला.

सिकंदराबादचं फुटबॉल मैदान. फायनल. मी रेफरी. पुरुषांच्या फायनलची शिट्टी पहिल्यांदाच माझ्या हातात आलेली. बूट फेकणारा क्लबच्या मालकाचा मुलगा. संघाचा कॅप्टन. चेंडू निघून गेल्यावर त्यानं समोरच्या खेळाडूच्या घोट्यावर मुद्दाम पाय दिला होता. सगळ्या मैदानानं बघितलं. मी लाल कार्ड काढलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

माझे बाबा कोण, हे त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मैदानाच्या फाटकाबाहेर बाबा पेटी मांडून बसायचे. चपला शिवायचे, खेळाडूंचे बूट शिवायचे. या पोराचेही शिवलेले. आजोबा नांदेडकडून इकडं आले ते हेच काम हातात घेऊन. आमचं घर अंबरपेठेत. तेलुगू नि हिंदी बाहेर, मराठी घरात. लहानपणी मी बाबांच्या पेटीशेजारी बसून फाटकाच्या गजांमधून खेळ बघायची. पुढं खेळले. गुडघा गेला तेव्हा शिट्टी धरली.

त्या दिवशी बाबांनी पेटी मांडली नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून ते गॅलरीत बसले होते. इतकी वर्षं फाटकाबाहेर काढली, आत कधी आले नव्हते. मीच आणलं होतं. हट्टानं.

बूट पडला आणि बाबा गॅलरीतून उतरले. मला वाटलं, माझ्याकडे येतायत.

माझ्याकडे नाही आले. बुटाकडे गेले. वाकले. उचलला. आणि त्यांचा अंगठा तळाच्या शिवणीवरून फिरला. नुसता सवयीनं. कुठं उसवलंय का, बघायला.

गॅलरी हसली. एकानं मोबाइल वर धरला.

बाबांनी तो बूट दोन्ही हातांनी त्या पोराला दिला. वयानं त्यांच्या मुलासारखा तो.

"जाने दो साब. बच्ची है."

मी मैदानावर उभी होते. रेफरीचा काळा शर्ट अंगात. बच्ची.

सामना मी पूर्ण केला. कसा, ते विचारू नका. पाय पळत होते, शिट्टी वाजत होती. शेवटची शिट्टी दिली आणि गॅलरीकडे बघितलं. बाबा निघून गेले होते.

बायकांना कपडे बदलायला तिथं खोली नाही. जाळ्या ठेवायच्या कोठीत मी बदलते. मी बाहेर आले तर दारात सर उभे. मला रेफरी केलं ते सरांनी. नियम शिकवले, पळायला शिकवलं, पहिली शिट्टी स्वतःच्या हातानं गळ्यात घातली. चिक्कडपल्लीला त्यांच्या घरी मी किती वेळा जेवलेय. त्यांना बघून मला रडू फुटलं. वाटलं, आपलं माणूस आलं.

सर म्हणाले, "अम्मा, रिपोर्ट में बस इतना लिख. प्लेयर ग़ुस्से में बूट फेंका. बाकी छोड़ दे."

"और जो बोला, सर?"

"ग्राउंड की बात ग्राउंड पे. तेरे को आगे जाना है ना?"

मी विचारलं, "आपके बाप को बोलता तो?"

सरांनी खाली बघितलं. म्हणाले, "वो बात अलग है."

अलग.

बूट पोटरीला लागला होता. हे कुठं लागलं, मला आजही सांगता येत नाही. ज्या घरात मी पोटभर जेवले, त्या घरातही मी अलगच होते. फक्त कुणी बोललं नव्हतं.

मी रिपोर्ट लिहिला. त्या पोराचं वाक्य जसंच्या तसं. जातीच्या शब्दासकट. त्याच कोठीत, गुडघ्यावर लिहायचं पॅड ठेवून. सर बघत होते. मग निघून गेले.

घरी बाबा भिंतीला टेकून बसलेले. इस्त्रीचा शर्ट काढून घडी करून ठेवलेला.

"कशाला वाढवतीस गं माय? मी रोज ऐकतो. ऐकून माणूस मरत नसतंय."

मी विचारलं, "बाबा, तुम्ही तो बूट का उचलला?"

त्यांनी अंगठ्याकडे बघितलं.

"खाली पडलेला दिसला. हात गेला."

एवढंच बोलले आणि टॉवेल तोंडावर धरला. बाबांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. आवाज नाही. नुसते खांदे हलत होते. मी शेजारी बसले. हात लावायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. ॲट्रॉसिटीची तक्रार लिहून दिली. फुटबॉल संघटनेनं बोलावलं. एकजण गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, 'अपशब्द' लिखो ना. सबका काम हो जाता." मी म्हटलं, अपशब्द तो बोललाच नाही. तो माझी जात बोलला. ती शिवी नाही. तिची शिवी त्यानं केली.

मला सामने देणं बंद झालं. सरांनी पोलिसांना जबाब दिला. "मैंने कुछ नहीं सुना." सर टचलाइनवर, मैदानाच्या कडेला उभे होते. बाहेर निघालेल्या त्या पोराला माझ्याहून जवळ.

बाबा पुन्हा मैदानाकडे गेले नाहीत. पेटी आता अंबरपेठच्या बाजारात मांडतात. मी कुठं शाळेच्या सामन्याला शिट्टी वाजवायला निघाले, की तोंड फिरवून दोरा ओवत बसतात. या, बघायला चला, असं मीही म्हणत नाही. त्यांना आत नेलं ते मी. ते ओझं माझं. पण मान त्यांची खाली घालायला लावली ती त्या पोरानं. या दोन गोष्टींची मी आता गल्लत होऊ देत नाही.

समझोत्याचे निरोप येतात. क्लबचा मालक स्वतः घरी येऊन माफी मागणार म्हणे. येऊ दे. दार उघडीन. बसायला चटई टाकीन. पाणी देईन. आमच्या घरचं पाणी पितात का, तेही बघीन.

तक्रार मागं घेणार नाही.